मालवणी खानावळीत पहिल्यांदा जेवायला जाताना: ताटात मुख्य काय, तोंडी लावायला काय

मालवण, वेंगुर्ला, देवगड किंवा कुडाळ, कुठल्याही खानावळीबाहेरचा फळा साधारण सारखाच असतो. सुरमई थाळी, पापलेट थाळी, बांगडा थाळी, कोळंबी थाळी, तिसऱ्या (शिंपल्या) थाळी आणि शेवटी चिकन वडे, मटण वडे. घाटावरून पहिल्यांदाच आलेलं कुटुंब हा फळा वाचतं, सगळ्यात महाग ती सगळ्यात चांगली असं धरून चालतं आणि चार सुरमई थाळ्या सांगून मोकळं होतं. ताट येतं. तळलेली तुकडी दोन मिनिटांत संपते, वाटीतल्या माशाच्या कढीत चपाती बुडवून पाहिली जाते, भात अर्धा तसाच राहतो. बाहेर पडताना वाटतं, एका तुकडीचे एवढे पैसे?

फळ्यावरचं थाळीचं नाव आणि तिचा भाव तळलेल्या माशावरून ठरतो. जेवण मात्र असतं कढी-भाताचं. बांगडा थाळी घ्या नाहीतर पापलेट थाळी, कढी बहुतेक ठिकाणी एकच, त्या दिवशी जी शिजली असेल ती. तिच्यावर आणि भातावर अख्खं जेवण उभं असतं. तुकडी, सुकं, सुकट, सोलकढी, कांदा-लिंबू हे सगळं तिच्या सोबतीला. हे एकदा नीट कळलं की कुठे बसायचं, काय विचारायचं, काय मागवायचं आणि कशापासून सुरुवात करायची, सगळं आपोआप जुळत जातं. पुणे-सोलापूर-नागपूर-संभाजीनगरकडून पहिल्यांदा तळकोकणात उतरणाऱ्यांसाठी हे क्रमाने सांगतो.

आधी वेळ आणि महिना पाहा

दुपारी साडेबारा ते दोन ही खरी जेवणाची वेळ. कढी सकाळच्या माशाची असते आणि ती दुपारसाठीच शिजते. रात्री जेवण मिळतं, पण लहान खानावळीत रात्री बऱ्याचदा दुपारचीच कढी गरम होऊन येते. शक्य असेल तर मासे दुपारी खा आणि रात्रीसाठी वडे-सागोती, म्हणजे वडे आणि कोंबडी-मटणाचा रस्सा, ठेवा. अडीचनंतर गेलात तर हवा तो मासा संपलेला असणार, हे गृहीत धरा.

महिना त्याहून महत्त्वाचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांच्या विणीचा हंगामही हाच. या दोन महिन्यांत कुणी तुम्हाला ताजी सुरमई म्हणून वाढली तर ती बर्फातली असण्याची शक्यता खूप. पावसाळ्यात गेलात तर खाडीतले मासे, कुर्ल्या (खेकडे) आणि सुकी मासळी विचारा. त्या दिवसांत कोकणातली घरंही तेच खातात, आणि पावसात गरम भातावर सुक्या बांगड्याचा तुकडा ही काही कमी प्रतीची गोष्ट नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो आणि होड्यांचा नवा हंगाम सुरू झाला असं मानतात. पण तेव्हा श्रावण असतो, मागोमाग गणपती. बरीच घरं मासे खात नाहीत, खानावळवालेही गणपतीत घरी असतात. पहिल्यांदाच जाणार असाल तर ऑक्टोबरपासून पुढे जा.

सोमवार, गुरुवार किंवा शनिवार पाळणारे लोक कोकणात पुष्कळ. त्यामुळे बुधवार, शुक्रवार, रविवारी खानावळी भरलेल्या असतात. गर्दीला वैतागू नका. जिथे गावातली माणसं जेवायला रांगेत आहेत तिथला मासा टोपलीत पडून राहत नाही.

खानावळ निवडताना एकच गोष्ट बघा

सजावट, होडीच्या आकाराचं टेबल, भिंतीवर रंगवलेले मासे यांवर जाऊ नका. आत डोकावून लोकांच्या ताटातल्या वाट्या बघा.

मालवणी स्वयंपाकात माशाचं वाटण आणि मटणाचं वाटण वेगळं असतं. माशाच्या कढीला ओलं खोबरं कच्चंच वाटतात. सोबत सुकी मिरची, धणे, हळद. आंबटपणाला आमसुलं, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, आणि काही माशांना तिरफळं ही मसाल्याची फळं. रंग येतो केशरी, कढी असते पातळसर आणि वर तेलाचा थर नसतो. कोंबडी-मटणाला खोबरं आणि कांदा खरपूस भाजून वाटतात, त्यात गरम मसाला असतो आणि रस्सा तपकिरी दिसतो. दोन्ही वाट्यांत एकाच रंगाचा, तर्री आलेला दाट रस्सा दिसला, तर तिथे एकच ग्रेव्ही करून त्यात मागणीप्रमाणे मासा नाहीतर चिकन टाकलं जातंय. अशा ठिकाणी तुकडी कितीही चांगली तळली तरी तुमचं मुख्य जेवण गेलंच. मी अशा हॉटेलात बसत नाही आणि तुम्हीही बसू नका.

बसल्यावर पहिला प्रश्न कढीचा

मेन्यूकार्ड मागण्याआधी वाढणाऱ्या काकींना किंवा दादांना विचारा, “काकी, आज कढी कसली?” इथे कढी म्हणजे ताकाची नव्हे, नारळाच्या वाटणातली माशाची. कुणी तिला आमटी म्हणेल, कुणी सार, कुणी रस्सा.

उत्तर येईल, “बांगड्याची आसा. तळलेलां काय व्हया?”

या दोन वाक्यांत सगळी मागणी आली. कढी त्यांनी ठरवलेली आहे, सोबतीला काय घ्यायचं तेवढं तुम्ही ठरवायचं. कढी बांगड्याची असेल तर तळलेलाही बांगडाच मागवायची गरज नाही. मऊसर, सौम्य चवीचा दुसरा मासा घ्या, म्हणजे दोन चवी मिळतील. कढी कोळंबीची असेल तर तळलेला बांगडा छान लागतो, कारण कोळंबीची कढी गोडसर असते आणि बांगड्याला स्वतःची ठाम चव असते.

याच वेळी आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. कढीत माशाचा तुकडा येतो की नुसता रस? तळलेला मासा एक तुकडी की अख्खा? भात आणि कढी परत वाढतात का? बऱ्याच खानावळींत कढी-भात पुन्हा मिळतो, तुकडी आणि सोलकढी मात्र एकदाच. काही ठिकाणी सगळंच मोजून. हे विचारण्यात संकोच नको, इथली माणसंही विचारतात.

एका थाळीत दोघांनी जेवायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते आणि तशी पाटी लावलेली असते. लहान मूल असेल तर त्याच्यासाठी साधा भात आणि थोडी सोलकढी वेगळी मागा, खळखळ न करता देतात.

ताट आलं की ते असं वाचा

मधोमध किंवा उजव्या हाताला भात. काही ठिकाणी पांढरा, काही ठिकाणी उकड्या तांदळाचा, जाड दाण्याचा आणि किंचित तांबूस. दोन्हींतून निवडायला मिळालं तर उकडा घ्या. तो कढी शोषतो तरी गचका होत नाही आणि खोबऱ्याच्या वाटणाला त्याचा दाणा चावायला बरा लागतो. पहिल्या घासाला वेगळा वाटेल, तिसऱ्यापर्यंत सवय होते.

भाताशेजारची मोठी वाटी कढीची. हे दोन मिळून मुख्य जेवण.

चपाती, तांदळाची भाकरी किंवा वडे यांपैकी एक काहीतरी असेल. थाळीबरोबर चपाती आपोआप येते, कारण घाटावरच्या गिऱ्हाइकाला ती लागते. मिळत असेल तर तिच्याऐवजी तांदळाची भाकरी सांगा. ती मऊ, पातळ असते आणि सुक्याबरोबर खायची असते. वडे मात्र माशाबरोबर मागवू नका. तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, मेथी यांच्या भरड्या पिठाचे ते तळलेले वडे कोंबडीच्या किंवा मटणाच्या रश्श्यासाठी आहेत. माशाच्या पातळ कढीपुढे ते जड होतात आणि भाताला पोटात जागा उरत नाही.

आता सोबतीचं. तळलेली तुकडी, वेगळ्या बशीत किंवा ताटाच्या कडेला. एका छोट्या वाटीत सुकं, म्हणजे कोळंबी, तिसऱ्या किंवा जवळा कांद्या-खोबऱ्यात परतलेला. कधी सुकटीची चटणी. चिरलेला कांदा, लिंबाची फोड. आणि सोलकढीची गुलाबी वाटी किंवा पेला.

जवळा आणि सुकट ही सुकवलेली बारीक कोळंबीसारखी मासळी आहे, आणि ती चटणीच्या रूपात असल्यामुळे ओळखू येत नाही. घरात कुणाला कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा आणि चटणीची वाटी ताटातून काढून ठेवायला लावा. कोळंबी तळलेल्या तेलातच बाकीचे मासेही तळले जातात, तेही विचारा.

तळलेलं काय घ्यायचं

या भागात नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर.

सुरमईला तळकोकणात आणि गोव्यात इसवण असंही म्हणतात. तिच्या गोल तुकड्या पाडतात, मधोमध एक काटा, बाकी मांस सलग. काट्याची भीती असलेल्यांना ती सोपी. म्हणूनच पर्यटकांत तिला एवढी मागणी आणि म्हणूनच तिचा भाव. शेपटीकडची तुकडी लहान आणि कोरडी असते. मधली मिळेल का विचारा.

पापलेटला मालवणीत सरंगा म्हणतात. चव सौम्य, काटे मोजके, तळल्यावर कडेचे पर कुरकुरीत होतात. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने रुपेरी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं, आणि कारण अभिमानापेक्षा काळजीचं होतं. पूर्ण वाढ व्हायच्या आधीच तो पकडला जातोय. राज्याने कित्येक माशांसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला आहे. तळहातापेक्षाही लहान पापलेट स्वस्तात दोन-तीन देतो असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. त्यात मांस नसतं, आणि अशी पिल्लं ताटात येत राहिली तर पुढच्या काही वर्षांत फळ्यावरून पापलेटचं नाव पुसलं जाईल. पापलेट खायचंच असेल तर चौघांत मिळून एक मोठं घ्या.

बांगडा. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच मागवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्त, बहुतेक रोज ताजा, आणि मालवणी वाटणाशी ज्याचं सगळ्यात जास्त जमतं तो हा मासा. तळून येतो तो अख्खा, अंगावर तिरक्या चिरा दिलेला. काट्यांना घाबरू नका. पाठीच्या बाजूने, मधल्या रेषेवर बोटाने दाबत शेपटीकडून डोक्याकडे जा, वरची बाजू अलगद सुटते. मग मधला कणा शेपटीकडून धरून उचला, तो बराचसा अख्खा निघतो. पोटाच्या कडेचे बारीक काटे बोटाने चाचपून बाजूला करा. हे काम हातानेच होतं, चमचा-काट्याने नाही. फक्त बांगड्यात एक पाहायचं. तो ताजाच हवा, बर्फाशिवाय राहिला की लवकर बिघडतो. घास घेतल्यावर जीभ मिरी खाल्ल्यासारखी चुरचुरली तर ती चुरचुर तिखटाची नसते. मासा तिथेच ठेवा आणि सांगून बदलून घ्या. असा बिघडलेला बांगडा पुन्हा तळून सुधारत नाही, आणि खाल्ल्यावर अंग लाल होणं, डोकं दुखणं असा त्रास होऊ शकतो.

मुडदुशे मिळाले तर सोडू नका. नाजूक, पांढऱ्या मांसाचा मासा, स्थानिक लोक हौसेने मागवतात आणि फळ्यावर त्याचं नाव सहसा नसतं. तारली किंवा पेडवे चवीला उत्तम आणि खिशाला हलके, पण बारीक काटे खूप. ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. बोंबील हा मुख्यतः मुंबई, पालघर आणि त्यापुढे गुजरातच्या बाजूचा मासा. मालवणात बसून बोंबील फ्राय मागवण्यात अर्थ नाही, तो वसई-डहाणूकडे गेल्यावर खा.

तळण्याचे दोन प्रकार विचारले जातील, रव्यात की तांदळाच्या पिठात. रव्याने कवच जाड आणि कुरकुरीत होतं, पिठाने पातळ. सुरमई-पापलेटला रवा चालतो. बांगड्याला मला तांदळाचं पीठच पटतं, कारण हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ मांसापर्यंत मुरलेलं लागतं. कवचच जाड असेल तर खाताना नुसता रवा लागतो.

वेगळं काय मागवायचं, किती

चार माणसं असाल तर चार थाळ्या आणि मधे एक सुकं एवढं पुरे. तिसऱ्यांचं सुकं हे पहिल्यांदा घ्यावं असं. शिंपल्याचा एक भाग मांसासकट खोबऱ्यात परतलेला असतो, तो उचलून दातांनी मांस ओढायचं. कुर्ल्या घेणार असाल तर वेळ हाताशी ठेवा. नांग्या फोडून खायला अर्धा तास जातो आणि तोवर कढी-भात गार होतो. म्हणून कुर्ल्या मागवल्या तर थाळी न घेता त्यांच्या रश्श्यासोबत साधा भात घ्या. तेव्हा कुर्ल्यांचा रस्सा हेच मुख्य जेवण.

माशाचं तिखलं फळ्यावर दिसलं तर जाणून घ्या की ते भातावर ओतायचं नसतं. खोबरं कमी, मिरची आणि आंबट जास्त, अंगाबरोबर रस. भाकरीला लावून खायचं.

फळ्यावर काही नावांपुढे किंमत नसते, “आकाराप्रमाणे” किंवा “एपीएस” (अॅज पर साइज) लिहिलेलं असतं. मोठं पापलेट, शेवंड (लॉबस्टर), मोठ्या कुर्ल्या यांच्यापुढे हे असतंच. मासा आधी दाखवायला सांगा, आणि तो तव्यावर पडण्याआधी त्या एका नगाची पूर्ण किंमत विचारा. किलोचा भाव सांगितला तर वजन करून रुपये किती होतील ते विचारा. बिलावरून होणाऱ्या बहुतेक कुरबुरी हे न विचारल्याने होतात.

खायचा क्रम

तुकडी गरम असते, तिचा मोह होतो. थोडी खा, पण निम्मी राखून ठेवा. आधी भाकरी किंवा चपाती, सुकं आणि सुकटीसोबत संपवा. मग भात. सगळा भात एकदम कढीत भिजवू नका. थोडा कालवा, खा, पुन्हा कालवा. मघाशी राखलेली तुकडी आता कामाला येते. कढी-भाताच्या दोन-तीन घासांमागे कुरकुरीत माशाचा एक लहान घास. कढीचा आंबट-तिखट मऊपणा आणि तळलेल्याचा खमंगपणा आलटून पालटून येत राहतो. जेवणारी स्थानिक माणसं बघा, तुकडी भाताच्या शेवटच्या घासापर्यंत पुरवतात.

कढीत हिरवट-काळी, छोट्या बोरासारखी फळं दिसली तर ती तिरफळं. माशाचा उग्रपणा मारायला टाकतात, त्यांचं काम रसात झालेलं असतं. ती चावायची नाहीत, ताटाच्या कडेला काढून ठेवा. चुकून चावलं गेलं तर जीभ बधिर होते. त्यावर पाणी पिऊ नका, भात खा. आमसुलाची काळी सालंही तशीच बाजूला. चोखली तर हरकत नाही.

काटा घशात अडकला तर लोक भाताचा मोठा गोळा न चावता गिळायला सांगतील. तसं करू नका, काटा आणखी खोल रुतू शकतो. शांतपणे खोकून पाहा, घशात बोट घालू नका. टोचणं थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा.

सोलकढी बसल्या बसल्या एका घोटात संपवणारे खूप दिसतात. ती तहान भागवायला नसते. आमसुलांचं पाणी आणि नारळाचं दूध, त्यात लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. तिखट खाल्ल्यावर तोंड निवतं आणि जड जेवणानंतर पोटाला हलकं वाटतं. निम्मी शेवटच्या मूठभर भातावर घ्या, निम्मी प्या. चांगल्या सोलकढीचा रंग फिका गुलाबी असतो. भडक रंग दिसला तर त्यात बीट किंवा दुसरं काही मिसळलं असण्याचा संशय घ्या. नारळाचं दूध फार वेळ टिकत नाही, म्हणून पाणी आणि दूध वेगळं झालेली किंवा खवट वास येणारी सोलकढी परत पाठवा. नारळाविना केलेली पातळ, फोडणीची कढी मिळाली तर ती फुटी कढी. तीही भातावर छान.

सिंधुदुर्गाबाहेर गेलात तर

गोव्यात सीमा ओलांडली की शीत-कडी, म्हणजे भात आणि माशाची कढी, हेच रोजचं जेवण. तिथल्या थाळीत सोबतीच्या वाट्या जास्त असतात. माशाचं हुमण म्हणजे कढी, तिसऱ्यांचं किंवा दुसरं काही सुकं, सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) ओल्या खोबऱ्यातलं किस्मूर, रव्यातली तुकडी आणि सोलकढी. किस्मूर चटणीसारखं भातात मिसळून खातात. वेगळं खाल्लं तर खारट लागतं.

अलिबागपासून वर पालघरपर्यंत कोळी पद्धतीचं जेवण मिळतं. तिथे म्हावऱ्याच्या, म्हणजे माशाच्या, कालवणात नारळ कमी असतो, मसाला पुढे असतो आणि तांदळाच्या भाकरीला ताटात जास्त मान. त्या बाजूला भाकरी-कालवण मुख्य धरा, भात मागाहून. तळकोकणातली सवय तिथे नेली तर अर्धी चव हुकते.

मुंबईत दादर, परळ, लालबाग, गिरगाव भागांत मालवणी आणि गोमंतकीय खानावळी आहेत. गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या चाकरमान्यांना बायका घरून जेवण करून घालत, त्या खानावळवाल्या. १९७५ साली समाजसेविका प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांना कर्ज आणि आधार मिळावा म्हणून. आजही या भागातली साधी, चार-सहा टेबलांची जागा दिसली तर दुपारी तिथे जा. रोज कामावरून जेवायला येणारी माणसं कढी बिघडलेली चालवून घेत नाहीत.

सोबत मासे न खाणारं कुणी असेल तर

त्यांना पनीर मागवू देऊ नका. काळ्या वाटाण्याची उसळ, मिळत असेल त्या दिवसांत ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, डाळीची आमटी, भात आणि सोलकढी हे पूर्ण मालवणी जेवण आहे. ओले काजूगर उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिळतात, महाग असतात आणि त्या किमतीला योग्य आहेत. काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर आंबोळी किंवा वडे मागवा, चपाती नको. शाकाहारी माणूस काटेकोर असेल तर तळणाचं तेल आणि वाढायचे चमचे वेगळे आहेत का ते आधी विचारा. लहान खानावळीत वेगळे नसतात, आणि विचारलं तर बहुतेक ठिकाणी प्रामाणिकपणे सांगतात. मग मिश्र ठिकाणी न बसता शुद्ध शाकाहारी खानावळ शोधलेली बरी.

मासे नको पण मांसाहार चालतो अशांसाठी कोंबडी-वडे. इथे मुख्य रस्सा आणि वडे, भात शेवटी थोडा. चार-पाच वडे येतात, ते फुगलेले असतानाच खा. गार वडा चिवट होतो.

बिल

थाळी, वेगळं सुकं, जादा सोलकढी, बाटलीबंद पाणी अशा ओळी वेगवेगळ्या लावून बघा. पाण्याचा जग टेबलावर असतो, बाटली मागितलीत तरच तिचे पैसे. जीएसटी घेणाऱ्या साध्या हॉटेलात तो ५ टक्के असतो. जीएसटीच्या एकरकमी (कंपोझिशन) योजनेतल्या छोट्या खानावळी बिलात वेगळा कर लावू शकत नाहीत. सेवाशुल्क न विचारता बिलात घालता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आहेत. घातलं असेल तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वाढणाऱ्या माणसाने कढी दोनदा आपणहून आणून घातली असेल, तर बक्षिसी थेट त्याच्या हातात द्या.